आंतरराष्ट्रीय आरोग्य विषयात संशोधन पदवी : शिक्षक आणि पालकांसाठी एक पाठ



नीटचा निकाल लागला की आपल्या लातूर-नांदेड भागात घरोघरी दोनच शब्द ऐकू येतात. "लागला" किंवा "हुकला". ज्याचा लागला त्याच्या घरी पेढे, ज्याचा हुकला त्याच्या घरी रिपीटची फी कुठून भरायची याची चर्चा. आमच्या मुरुडातही तेच. (आमचं मुरुड म्हणजे समुद्राकाठचं जंजिऱ्याचं नव्हे बरं का, लातूर-बार्शी रस्त्यावरचं.) लेकरू हुशार आहे, आरोग्याच्या क्षेत्रात काही करायची त्याला इच्छा आहे, पण डॉक्टर होणे ही एकच वाट आपण त्याला दाखवलेली असते. ती बंद झाली की सगळंच संपलं असं त्याला वाटतं. आणि ज्याचा नंबर लागतो त्यालाही एम.बी.बी.एस.च्या पुढे फक्त एम.डी., एम.एस. आणि दवाखाना एवढंच दिसतं.

आजचा पाठ तिसऱ्या वाटेबद्दल आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन. नाव ऐकून हे परदेशातलं, श्रीमंतांचं काही असेल असं वाटतं. पण या विषयातली जगाने मानलेली काही कामं आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत झालेली आहेत. ती कशी झाली हे समजून घेतलं, की ही पदवी नेमकी कशासाठी असते ते आपोआप कळतं.

१. हा विषय म्हणजे काय?

डॉक्टर एका रुग्णाला तपासतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक अख्ख्या गावाला, तालुक्याला, देशाला तपासतो. "या बाळाला न्यूमोनिया झाला आहे का?" हा डॉक्टरचा प्रश्न. "या शंभर गावांत बाळं न्यूमोनियाने का मरतात, आणि कमीत कमी खर्चात ती कशी वाचतील?" हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न. एका देशात सापडलेलं उत्तर दुसऱ्या देशात चालेल का, हे तपासू लागलो की तो आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विषय होतो. हल्ली यालाच जागतिक आरोग्य असंही म्हणतात.

या विषयाचा जुना इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. त्याच काळात मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. पुढे १८९८ मध्ये लिव्हरपूलला आणि १८९९ मध्ये लंडनला उष्ण प्रदेशातल्या रोगांच्या अभ्यासासाठी शाळा निघाल्या. त्या आजही या विषयातल्या नावाजलेल्या संस्था आहेत. म्हणजे आजारी माणसं इथली, डास इथले, आणि शिकायचं मात्र विलायतेत, अशी ही सुरुवात होती.

हे चित्र बदलायला बराच काळ लागला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा करणारे डॉ. कार्ल टेलर यांचा जन्म मसुरीचा, बालपण भारतातलं. पंजाबातल्या नारंगवाल या गावी त्यांनी अनेक वर्षं संशोधन केलं. आपल्या महाराष्ट्रातली दोन डॉक्टर जोडपी या विद्यापीठात शिकून आली. त्यांची गोष्ट पुढे येते.

२. शिकवणीची पदवी आणि संशोधनाची पदवी

पालकांचा इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून आधी हे स्पष्ट करून घेऊ.

*एम.पी.एच.* म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. भारतात ती साधारण दोन वर्षांची असते. परदेशात काही ठिकाणी एका वर्षात होते. यात वर्ग असतात, परीक्षा असतात. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्य व्यवस्थापन, पोषण असे विषय शिकवतात. शेवटी एक छोटा प्रकल्प असतो. ही मुख्यतः शिकवणीची पदवी.

*पीएच.डी.* ही संशोधनाची पदवी. इथे कोणी धडा शिकवून परीक्षा घेत नाही. सुरुवातीचा थोडा अभ्यासक्रम सोडला तर काम एकच असतं. एक प्रश्न घ्यायचा, ज्याचं उत्तर अजून कोणाला नीट माहीत नाही, आणि पुराव्यानिशी ते शोधायचं. आपल्या देशात किमान तीन वर्षं लागतात, प्रत्यक्षात बऱ्याचदा चार-पाच. इंग्लंडात साधारण तीन ते चार, अमेरिकेत त्याहून जास्त.

बहुतेक जण आधी एम.पी.एच. किंवा तशीच पदव्युत्तर पदवी घेतात, थोडी वर्षं काम करतात आणि मग पीएच.डी.कडे वळतात. ते चांगलंच असतं, कारण काम करताना प्रश्न सापडतो. प्रश्नच नसेल तर ही पदवी फार कंटाळवाणी होते.

३. आपल्या मातीतली तीन उदाहरणं

*जामखेड.* डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. पुढे अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले. शिकत असतानाच त्यांनी दुष्काळी भागात कसं काम करायचं याचा आराखडा तयार केला आणि १९७० साली ते जामखेडला आले. जामखेड म्हणजे आपल्या बीड-धाराशिवच्या हद्दीला लागूनच.

तिथे त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या अनेक जणी निरक्षर, दलित वस्तीतल्या. बाळाचं वजन करणे, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी देणे, गरोदर बाईकडे लक्ष ठेवणे, कुष्ठरोग आणि क्षयाची लक्षणं ओळखणे, हे सगळं त्या करू लागल्या. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वेगवेगळ्या देशांतल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे जगातले देश जमले आणि सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवा असा ठराव झाला, त्यामागच्या विचारात अशा प्रयोगांचा वाटा होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज जगभरातले विद्यार्थी शिकायला जामखेडला येतात.

*गडचिरोली.* डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले, डॉ. राणी बंग चंद्रपूरच्या. दोघांचंही वैद्यकीय शिक्षण नागपूरला. अमेरिकेला जाण्याआधीच त्यांनी वर्धा जिल्ह्यात खेड्यात काम केलं होतं. त्या वेळी रोजगार हमीवर मजुराला दिवसाला ४ रुपये मिळायचे. मजुराला किती उष्मांक लागतात, त्याच्यावर घरातली किती माणसं अवलंबून असतात, याचा सरकारी हिशोब डॉ. अभय बंग यांनी तपासला. त्यातल्या चुका दाखवून ही मजुरी १२ रुपये असायला हवी असं त्यांनी मांडलं. म्हणजे संशोधनाची सवय पदवीच्या आधीची आहे, हे लक्षात घ्या.

१९८४ मध्ये दोघांनी जॉन्स हॉपकिन्समधून एम.पी.एच. पूर्ण केलं. तिथेच राहता आलं असतं. ते परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्या तीन अभ्यासांची ओळख आपल्या मुलांना असायलाच हवी.

पहिला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरलं जायचं. या आकड्यांनी ते बदलायला भाग पाडलं.

दुसरा अभ्यास १९९० चा, बालकांच्या न्यूमोनियाचा. गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्या गावांत हे केलं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी झाले.

तिसरा १९९९ चा, नवजात बाळांचा. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या स्थानिक बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शन देत. तुलनेसाठी ४७ गावं होती, तिथे नेहमीची सरकारी सेवा चालू होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात बालसेवा देशभर सुरू केली. आज तुमच्या गल्लीतली आशाताई बाळ जन्मल्यावर सहा-सात वेळा घरी येते ना, त्यामागे हे संशोधन आहे.

*डॉ. पां. वा. सुखात्मे.* हे उदाहरण मुद्दाम देतोय, कारण सुखात्मे डॉक्टर नव्हते. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. गणित-संख्याशास्त्र शिकले, लंडनला जाऊन १९३६ मध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. केली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला अनेक वर्षं संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. जगात किती लोक उपाशी आहेत हे मोजायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन ते पोषणाच्या प्रश्नावर काम करत राहिले. ज्याचा नीटचा नंबर हुकला पण गणित चांगलं आहे, अशा लेकराला हे नाव जरूर सांगा.

४. संशोधन होतं कसं? टप्पे समजून घेऊ

पीएच.डी. म्हणजे जाडजूड प्रबंध, एवढंच आपल्याला माहीत असतं. तो प्रबंध तयार व्हायच्या आधी काय काय घडतं ते बघू.

*पहिला टप्पा, प्रश्न.* "स्त्रियांचे आरोग्य" हा विषय झाला, प्रश्न नाही. आपल्या भागातलं खरं उदाहरण घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. आरोग्य विभागाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. शंभरात जवळपास १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. आकडा ऐकून आपण हळहळतो. संशोधक पुढे विचारतो. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांची वयं सारखी आहेत का? नसतील तर ही तुलना कितपत धरायची? शस्त्रक्रियेचं कारण आजार, खाडा पडला तर मुकादम कापतो ती मजुरी, कॅन्सरची घातलेली भीती, की यातलं सगळंच? आणि पाच वर्षांनी त्या बाईच्या हाडांचं, कामाच्या ताकदीचं काय झालं? यातला एकेक प्रश्न एकेका प्रबंधाचा आहे.

*दुसरा टप्पा, आधी काय झालंय ते वाचणे.* या प्रश्नावर जगात कोणी काय लिहिलं आहे ते सगळं शोधून वाचायचं. यात सहा महिने ते वर्ष जातं. इंग्रजी वाचनाची सवय इथे लागते. पण फाडफाड बोलता आलं पाहिजे असं नाही, समजून वाचता आलं पाहिजे.

*तिसरा टप्पा, परवानगी आणि संमती.* माणसांवर संशोधन करायचं तर नैतिकता समितीची मान्यता लागते. ज्याची माहिती घ्यायची त्याला त्याच्या भाषेत सगळं सांगून संमती घ्यावी लागते, आणि त्याला "नाही" म्हणायचा हक्क असतो. रॉस यांनी सिकंदराबादला हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला डास चावून घेण्यासाठी दर डासामागे एक आणा दिला होता. आज असं करता येणार नाही. हा फरक मुलांना जरूर सांगा. त्यावर वर्गात छान चर्चा होते.

*चौथा टप्पा, मोजणे.* इथे गणिताच्या शिक्षकांनी लक्ष द्यावं. अर्भक मृत्युदर म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावलेली बाळं. समजा एका गावात वर्षात ४० बाळं जन्मली आणि २ दगावली. दर झाला ५०. पुढच्या वर्षी पुन्हा ४० जन्मली आणि १ दगावलं. दर झाला २५. सरपंच भाषणात सांगेल, "बालमृत्यू निम्म्यावर आणले!" खरं तर फरक एकाच बाळाचा आहे, तो योगायोगही असू शकतो. म्हणूनच गडचिरोलीत ३९ गावं घ्यावी लागली, आणि तुलनेसाठी ४७. नमुना मोठा का हवा आणि तुलना का हवी, हे एवढ्या उदाहरणातून सातवीच्या मुलालाही कळतं.

*पाचवा टप्पा, लिहिणे आणि तपासून घेणे.* प्रबंध लिहायचा, बाहेरचे परीक्षक तो वाचतात, मग तोंडी परीक्षा. तिथे आपलं म्हणणं पुराव्यानिशी टिकवावं लागतं. "आमच्याकडे असंच असतं" हे उत्तर चालत नाही.

५. कोणाला करता येतं? कुठे?

एम.पी.एच. फक्त एम.बी.बी.एस.वाल्यांनाच करता येतं असा समज आहे. तसं नाही. बी.ए.एम.एस., बी.डी.एस., नर्सिंग, फार्मसी झालेल्यांना तर येतंच, पण अनेक संस्था समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य, जीवशास्त्र अशा पदवीधरांनाही घेतात. प्रत्येक ठिकाणची अट वेगळी असते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावी.

काही ठिकाणं लक्षात ठेवा :

- मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि पीएच.डी. हिचंच ग्रामीण केंद्र आपल्या तुळजापूरला आहे, तिथे ग्रामीण विकास आणि समाजकार्याचं शिक्षण मिळतं.
- मुंबईतच देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, स्थापना १९५६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम हीच संस्था बघते. संख्याशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी फार चांगली जागा.
- सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आरोग्य विज्ञान विभाग.
- तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं अच्युत मेनन केंद्र. देशातलं एम.पी.एच.चं जुनं आणि मानाचं ठिकाण.
- दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य केंद्र. इथे समाजशास्त्राकडून येणारेही पीएच.डी. करतात.
- घराजवळ राहूनच करायचं असेल तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. सामाजिक शास्त्रं किंवा जीवशास्त्रं यांतल्या पीएच.डी.साठी आरोग्याचा प्रश्न घेता येतो.

परदेशात जायचं असेल तर आणखी तीन गोष्टी लागतात. इंग्रजीची परीक्षा, दोन-तीन शिफारसपत्रं आणि संशोधनाचा आराखडा. इंग्लंडातल्या पीएच.डी.साठी मार्गदर्शक आधी शोधून त्यांना पत्र लिहावं लागतं. तिथले प्राध्यापक गुणपत्रिका बघतातच, पण आराखड्यातला प्रश्न किती नेमका आहे हेही बारकाईने बघतात. बीड-लातूरच्या गावांची जवळून ओळख, तिथली बोली, बायकांशी मोकळेपणाने बोलता येणं, ही आपल्या लेकरांची जमेची बाजू आहे. लंडनच्या मुलाला ती विकत घेता येत नाही. ती कमीपणाची गोष्ट समजू नका, अर्जात ठळकपणे लिहायला लावा.

६. पैशाचं काय?

हा प्रश्न प्रत्येक बाप विचारणार, आणि विचारलाच पाहिजे. वावर विकून किंवा गहाण ठेवून परदेशी पाठवण्याआधी पुढच्या योजना बघा.

- अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती. आदिवासी आणि इतर मागास प्रवर्गांसाठीही त्या त्या विभागांच्या परदेशी शिष्यवृत्ती आहेत.
- देशात पीएच.डी. करणाऱ्यांना बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांची अधिछात्रवृत्ती.
- नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचीही अशी योजना आहे.
- इंग्लंडसाठी कॉमनवेल्थ आणि चेवनिंग, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू.

नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून अधिकृत जाहिरात स्वतः वाचावी. एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नयेत. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, पासपोर्ट ही कागदपत्रं वर्षभर आधीच तयार ठेवावीत. आपली गुणवान लेकरं इथेच जास्त अडकतात. निवड होते आणि जातवैधता प्रमाणपत्र आलेलं नसतं.

एक गोष्ट खरीखरी सांगायला हवी. या वाटेवर दवाखान्यासारखा पैसा नाही. कमाई उशिरा सुरू होते, सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात. तिशी येईपर्यंत मुलगा किंवा मुलगी "अजून शिकतच आहे" हे पाहुण्यांना सांगावं लागतं. विशेषतः मुलीच्या बाबतीत घरातल्यांचा धीर सुटतो. "आता बस झालं शिक्षण" हे वाक्य येतं ते नेमकं प्रबंधाच्या मधल्या वर्षात. पालकांनी हे आधीच घरात बोलून ठेवावं. पुढे कामं मात्र अनेक आहेत. सरकारी आरोग्य यंत्रणा, वैद्यकीय महाविद्यालयं, संशोधन संस्था, सामाजिक संस्था, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना.

७. शाळेत आपण काय करू शकतो?

पीएच.डी. पंचविशीत सुरू होते, पण प्रश्न विचारायची सवय दहाव्या-बाराव्या वर्षी लागते. खाली काही उपक्रम देतोय. खर्च काही नाही.

*इयत्ता ५ वी ते ७ वी : श्वास मोजूया.* जोड्या पाडा. एकाने घड्याळ बघायचं, दुसऱ्याने जोडीदाराचे एका मिनिटातले श्वास मोजायचे. वर्गाचा तक्ता करा, सरासरी काढा. धावून आल्यावर पुन्हा मोजा. मग सांगा, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, तर ती न्यूमोनियाची शंका असते. खोकला असलेल्या अशा बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. गडचिरोलीत ज्यांना एवढी मोजणी जमत नव्हती त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधं साधन तयार केलं होतं. मुलांना तसं साधन बनवायला सांगा. फार डोकं चालवतात लेकरं.

*इयत्ता ८ वी ते ९ वी : एक प्रश्न, तीस घरं.* मुलांनी मिळून एकच प्रश्न ठरवायचा. उदाहरणार्थ, घरात पिण्याचं पाणी कुठून येतं आणि ते गाळतात, उकळतात की तसंच पितात? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे हा विषय इथे समजावून सांगावा लागत नाही. तीस घरांत जाऊन विचारायचं, पण आधी घरातल्यांची परवानगी घ्यायची आणि वहीत कोणाचं नाव लिहायचं नाही. संमतीचा धडा इथेच होतो. नंतर स्तंभालेख काढायचा, आणि "तीस घरांवरून अख्ख्या गावाबद्दल बोलता येईल का?" यावर चर्चा घ्यायची.

*इयत्ता १० वी ते १२ वी : बातमी उलटतपासणे.* आरोग्यावरची एखादी आकडेवारीची बातमी आणायची आणि चार प्रश्न विचारायचे. किती जणांना विचारलं? कोणी विचारलं? कशाशी तुलना केली? दुसरं कारण असू शकतं का? वरचं ऊसतोड महिलांचं उदाहरण इथे घेता येईल, पण ज्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरची लेकरं आहेत तिथे जपून. त्यांच्या आयांबद्दल आपण बोलतोय याचं भान असू द्या.

आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांना वर्षातून एकदा शाळेत बोलवा. गावातल्या आरोग्याची सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याच वहीत असते. मुलांना प्रश्न आधी लिहून आणायला सांगा.

८. शेवटी पालकांना दोन शब्द

लेकरू विचारतं, "मंगलमावशीचं बाळ का गेलं?" आपण म्हणतो, "देवाची मर्जी, तू अभ्यास कर." अभ्यासाची सुरुवात त्या प्रश्नातच असते, आणि आपण तोच बंद करून त्याला गाईड उघडायला लावतो. उत्तर माहीत नसेल तर नसू द्या. "चल, आशाताईला विचारू" एवढं म्हटलं तरी पुष्कळ आहे.

आरोळे आणि बंग परदेशात शिकून परत आले, कारण त्यांचा प्रश्न इथेच होता. आपल्या भागातले प्रश्न अजून संपलेले नाहीत. ऊसतोडीच्या बायका, लवकर होणारी लग्नं, दुष्काळातलं पाणी, किल्लारीच्या भूकंपानंतर वाढलेली पिढी. यावर अभ्यास करायला बाहेरून माणसं येतात, माहिती घेऊन जातात. कधीतरी मुरुडची, अहमदपूरची, देगलूरची पोरगी स्वतः हा प्रश्न घेऊन विद्यापीठात जाईल. तिला दहावीत भूगोल आणि गणित शिकवणारे आपण असू, म्हणून हा पाठ.

वरचा श्वास मोजण्याचा उपक्रम या आठवड्यात घेऊन बघा. एका तासिकेत होतो.